मांजर आधी आत गेलं

घर तुम्ही दिलंत आणि तुम्हीच ते गिळलंत, कॉम्रेड. तुमचं नाव इथे लिहीत नाही. भीती वाटते म्हणून नव्हे. आमच्या गावात तुमचं नाव कुणाला ठाऊकच नाही. आम्हाला ठाऊक आहे तो एकच शब्द, ‘वर’. वरून आलंय, वर गेलंय, वर विचारावं लागेल. या ‘वर’ला तोंड नाही, कान तर मुळीच नाहीत, हात मात्र लांब आहेत. त्या हातांनी तुम्ही एनॅमल कारखान्यातल्या रिम्मा साव्हेल्येव्नाला भर दुपारी, बँड वाजवून, घर दिलंत. अख्ख्या गावाने पाहिलं. पुढे अख्ख्या देशाने पाहिलं आणि डोळे पुसले. आता त्याचं पुढे काय झालं ते ऐका. ऐकायची सवय तुम्हाला नाही, पण खुर्ची मऊ आहे, बसून ऐका.

रिम्मा कारखान्यात पातेल्यांवर फुलं चिकटवायची. कामा नदीच्या काठावर आमचं गाव. इथे कुठल्याही घरात जा, शेगडीवर तिचं फूल असलेलं पातेलं दिसेल. ती स्वतः राहायची एका जुन्या व्यापाऱ्याच्या घरातल्या एका खोलीत. त्या घरात पाच बिऱ्हाडं, एक स्वयंपाकघर, एक संडास, आणि संडासात पाच दिवे, ज्याच्या त्याच्या मीटरवरचे. दुसऱ्याचा दिवा चुकून लावला तर आठवडाभर भांडण पुरायचं.

त्या एका खोलीत रिम्मा, तिचा नवरा वेन्यामिन, मुलगी तास्या, सासू पेलागेया फोमिनिच्ना आणि सासूचं मांजर तिमोफेई. खोलीच्या मधोमध कपाट. कपाटाच्या अलीकडे सासू, पलीकडे नवराबायको. तास्याची घडीची खाट उघडली की तिचे पाय टेबलाखाली जायचे. सासूला खोकला होता. दिवसा नसायचा. कपाटापलीकडची खाट जराशी करकरली की यायचा.

वेन्यामिन म्हणायचा, “आईला डॉक्टर नकोय, भिंत हवीय.”

रिम्माला बंगला नको होता की बाल्कनी नको होती. तिला एक दार हवं होतं, आतून कडी लावता येईल असं. तास्या दुपट्यात होती तेव्हा कारखान्याच्या घरांच्या रांगेत तिने नाव लावलं. तास्याचे पाय टेबलाच्या दुसऱ्या बाजूने बाहेर यायला लागले, तेव्हा कुठे ते नाव रांगेच्या तोंडाशी पोचलं. वीटभट्टीमागे पाच मजली नवी इमारत उभी राहत होती. नोव्हेंबरात, क्रांतीच्या सणाला, घरं वाटली जाणार होती. रिम्माने मनातल्या मनात टेबल कुठे ठेवायचं तेही ठरवलं होतं. आणि नेमके सप्टेंबरात राजधानीतून सिनेमावाले आले.

सिनेमा प्रेमाचा होता. प्रेमाचे सिनेमे आपल्याकडे कसे असतात ते तुम्हाला सांगायला नको, तुम्हीच ते पास करता. नायिका रंगारीण. दिवसभर भिंती रंगवते, लोकांना घरं बांधून देते, तिला स्वतःला मात्र कुणी नाही. एका प्रसंगात एका सुखी कामगार कुटुंबाला नव्या घराची किल्ली मिळते, ते हसत-रडत आत जातात, आणि ही जिन्यात उभी राहून हातातली रंगाची बादली हळूच खाली ठेवते. झालं. एवढ्यावर देशाने रडायचं. ते सुखी कुटुंब सिनेमावाल्यांना गावातलंच हवं होतं.

दिग्दर्शक एरास्त गाव्रिलोविच कारखान्याच्या कँटीनमध्ये आला, कोबीचं सूप न पिता प्रत्येक बाईच्या तोंडाकडे बघत फिरला आणि रिम्मापाशी थांबला. म्हणाला, या चेहऱ्याने वाट पाहिलेली आहे. रिम्माला वाटलं, सुपाच्या रांगेबद्दल बोलतोय. मग वेन्यामिनला बोलावलं. त्याला दिग्दर्शकाने हसायला लावलं, वळायला लावलं, पुन्हा हसायला लावलं.

“माफ करा,” दिग्दर्शक म्हणाला, “पण नवं घर मिळालेल्या माणसाचा हा चेहरा नाही.”

“बरोबर आहे,” वेन्यामिन म्हणाला. “मिळालेलं नाहीच.”

त्याच्या जागी राजधानीतला एक नट आला. त्याच्या अंगावर हनुवटी सोडून डोळ्यात भरण्यासारखं काही नव्हतं, पण हनुवटी जबरदस्त होती. तास्याच्या जागीही एक गोबऱ्या गालांची मुलगी आणली, डोक्यावर कोबीएवढी पांढरी फीत बांधलेली. तास्या दोन दिवस आरशासमोर गाल फुगवत बसली होती.

सासूला मात्र ठेवलं, आणि ते मांजरामुळे. नव्या घरात आधी मांजर सोडायचं, मग माणसांनी पाय ठेवायचा; मांजर जिथे आडवं होईल तिथे खाट टाकायची. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. दिग्दर्शकाला ते फार आवडलं. पण तिमोफेई पेलागेया फोमिनिच्नाखेरीज कुणाच्या हाताला लागत नव्हता, आणि म्हातारी तयार नव्हती.

“घर आपलं नसताना मांजर आत सोडायचं नसतं,” ती म्हणाली. “त्याने एकदा ठरवलं की ठरवलं. नंतर आम्हाला बोल लावू नका.”

तेव्हा तीखोन आवेर्यानोविच मध्ये पडला. हा आमच्या कारखान्याच्या घरवाटप समितीचा अध्यक्ष. किल्ली देणाऱ्या अध्यक्षाचं काम नटाने करावं हे त्याला सहनच होईना, म्हणून ते त्याने स्वतःकडे घेतलं होतं, छातीवरची पदकं घासूनपुसून. तो म्हातारीला म्हणाला, आजी, शूटिंग नव्या इमारतीतल्या चौदा नंबरच्या घरात आहे, आणि नोव्हेंबरात चौदा नंबर तुमच्या रिम्मालाच मिळणार आहे. मांजर दोन महिने आधी गेलं, एवढंच समजा. रिम्मानेही सासूचे पाय धरायचेच काय ते बाकी ठेवले. म्हातारीने मांजर काखोटीला मारलं आणि निघाली, पण तोंडाने काहीतरी पुटपुटत होती, आणि ते काही आशीर्वाद नव्हते.

त्या इमारतीत तेव्हा तयार असं चौदा नंबरच होतं, तेही तीन भिंतींपुरतं. तीन भिंतींना कागद लावला होता, चौथ्या बाजूला कॅमेरा. नळ होता, पाणी नव्हतं. दार होतं, कुलूप नव्हतं. किल्ली सिनेमावाल्यांनी बरोबर आणली होती, पितळेची, तळहातापेक्षा मोठी, उन्हात चमकेल अशी. असलं कुलूप जगात कुठे असेल तर एखाद्या किल्ल्याला.

पहिल्याच खेपेला सगळं सुरेख झालं. बँड वाजला, तीखोनने किल्ली दिली, मांजर शेपटी उभारून उंबरा ओलांडून आत गेलं. रिम्मा मागोमाग गेली, आणि खिडकीपाशी ती जागा तिला दिसली, टेबलाची. ती विसरलीच. सिनेमा विसरली, हनुवटीवाला विसरला, तोंडावर हात ठेवून अशी रडली की बँडवाल्यांचा सूर चुकला. मग कळलं की नायिकेची बादली कॅमेऱ्यात आलीच नव्हती.

पुन्हा घेतलं. तेव्हा दिवा फुटला. पुन्हा घेतलं, तर फीतवाल्या मुलीला शिंक आली. त्या एका दुपारी रिम्माला इतक्यांदा घर मिळालं आणि इतक्यांदा काढून घेतलं, की रडणं सुकून गेलं. मांजरालाही कंटाळा आला, तेव्हा सिनेमावाल्यांनी दारापासून न्हाणीघरापर्यंत जमिनीला खारवलेला मासा चोळला. मांजर धावलं. आता रिम्मा रडेना. दिग्दर्शक ओरडला, कांदा आणा म्हणाला. तेवढ्यात रिम्माची नजर हनुवटीवाल्याच्या खांद्यावरून पलीकडे गेली. दोरीच्या पलीकडे, विटांच्या ढिगाजवळ वेन्यामिन उभा होता, तिचा कोट घडी करून हातात धरून, थंडीत, ती मागेल तेव्हा द्यायला. रिम्माच्या डोळ्यांतून पाणी आलं. दिग्दर्शकाने टाळ्या वाजवल्या. तेच सिनेमात गेलं.

संध्याकाळी सिनेमावाल्यांनी दिवे गुंडाळले आणि गेले. मांजर न्हाणीच्या टबाखाली गेलं ते बाहेर आलंच नाही. म्हातारीने गुडघ्यावर बसून हाका मारल्या, शिव्या दिल्या, पुन्हा हाका मारल्या. खाली अजून माशाचा वास होता. कशाला येईल ते? “बघा,” म्हातारी उठत म्हणाली, “ठरवलं त्याने.” घरी आल्यावर रिम्माला एप्रनच्या खिशात ती पितळी किल्ली सापडली. परत मागायचं कुणाच्या लक्षातच राहिलं नव्हतं.

दोन दिवसांनी कारखान्याच्या वर्तमानपत्रात पहिल्या पानावर फोटो आला. तीखोन किल्ली देतोय, रिम्मा रडतेय. खाली ठळक अक्षरांत, कामगार भगिनीला नवे घर. सिनेमाचं नाव कुठे नव्हतं. जागा पुरली नसेल, किंवा ज्याने छापलं त्याला ते महत्त्वाचं वाटलं नसेल. आणि मग अभिनंदन सुरू झालं. भट्टीवरच्या बायांनी मिठ्या मारल्या, फोरमनने पाठ थोपटली आणि घरभरणी कधी म्हणून विचारलं. रिम्मा सांगायची, अहो, तो सिनेमा होता. लोक डोळा मिचकावायचे. खर्च टाळायला माणूस काय काय बोलतो ते आमच्याकडे सगळ्यांनी ऐकलेलं असतं.

घरभरणीची भेट म्हणून लोक काय आणणार? गावात मिळतं तेच, पातेली. झाकणाची, बिनझाकणाची, कानाची. प्रत्येकावर रिम्माने स्वतःच्या हाताने चिकटवलेलं फूल. नको म्हणावं तर माणूस दुखावतो. पातेली कपाटावर गेली, खाटेखाली गेली, मग टेबलाखाली, जिथे तास्याचे पाय जायचे तिथे. शेजारची अन्फीसा एका संध्याकाळी दोरी घेऊन खोलीत आली आणि न विचारता खिडकी मोजायला लागली.

“हे काय गं, अन्फीसा?”

“पडदे. भाचा येतोय माझा इथे राहायला. तुम्ही निघालात की मग घाई नको.”

“आम्ही कुठे निघालोय?”

“चालू दे,” अन्फीसा दोरीला गाठ मारत म्हणाली. “मी काय नजर लावणार आहे? पण जाताना संडासातला दिवा काढून नेऊ नका. एवढं चांगलं घर मिळालंय, दिव्यावर जीव ठेवू नये.”

मग रिम्मा समितीच्या कचेरीत गेली, रांगेचं काय ते विचारायला. खिडकीतल्या बाईने सांगितलं, रांगेत तुमचं नाव नाही. रिम्मा तशीच तीखोनच्या खोलीत शिरली.

“तीखोन आवेर्यानोविच, माझं नाव काढलंय.”

“काढणारच. तुला घर मिळालं.”

“ते सिनेमात.”

“किल्ली कुणी दिली?”

“तुम्ही.”

“मी नट आहे का?”

“नाही.”

“मग कोण आहे?”

“समितीचे अध्यक्ष.”

“अध्यक्षाने किल्ली दिली, तू घेतलीस, रडलीस. यात सिनेमा कुठे आला?”

“किल्ली खोटी होती.”

तीखोन उठला. दार लावलं, आवाज खाली आणला आणि ‘तू’वरून ‘तुम्ही’वर आला. तो ‘तुम्ही’वर आला की माणसाने घाबरायचं असतं, हे कारखान्यात नव्याने लागलेल्या पोरींनाही माहीत होतं.

“रिम्मा साव्हेल्येव्ना, नीट विचार करून बोला. तुम्ही असं म्हणताय का, की मी बँड लावून, पदकं घालून, कामगारांना खोटी किल्ली दिली?”

रिम्मा असंच म्हणत होती. पण खोलीत तिसरं कुणी नव्हतं आणि भिंतीवर मोठ्या माणसांच्या तसबिरी होत्या. ती म्हणाली, बरं, मग खरी द्या.

“दिलेली आहे. एका बाईला दोनदा घर कसं देऊ? वर कळवलंय, घर दिलं म्हणून. वरून शाबासकी आलीय. आता तुमचं नाव परत रांगेत घातलं तर वरचे खोटे ठरतात. वरचे खोटे ठरू शकतात का?”

“नाही.”

“मग कोण खोटं ठरतंय, ते तुम्हीच सांगा.”

घरी येऊन तिने वेन्यामिनला सगळं सांगितलं. तो पातेल्यांच्या मध्ये पाय आखडून बसला होता. एक पातेलं त्याने पायाने बाजूला सारलं. मग म्हणाला, “म्हणजे आपण नव्या घरात राहतोय, फक्त आपल्याला कळलेलं नाही.” रिम्मा हसली नाही. तेव्हा तो जे बोलायला नको ते बोलला, “तुझ्या त्या हनुवटीवाल्या नवऱ्याला विचार. घर त्याला मिळालंय, तुला आत घेतो का बघ.” रिम्माने हातातलं झाकण भिंतीवर मारलं. एनॅमलचा टवका उडाला आणि नेमकं तिचं फूल गेलं. त्यानंतर चार दिवस दोघं तास्यामार्फत बोलत होते. मीठ हवं असलं तरी निरोप मुलीबरोबर. प्रेमाच्या सिनेमात हे दाखवत नाहीत. तिथे प्रेम आधी येतं आणि शेवटाला किल्ली. सिनेमाबाहेर उलटं आहे, कॉम्रेड. बाहेर प्रेमाला आधी खोली लागते, आणि खोलीच्या नावाने भांडताना प्रेम कुठे गेलं ते आठवायलाही सवड होत नाही.

नोव्हेंबर आला, बर्फ पडलं, घरं वाटली. चौदा नंबर कुणाच्या वाट्याला गेलं ते कुणी सांगेना. पण खिडकीत दिवा होता. पेलागेया फोमिनिच्नाने जाळीची पिशवी घेतली, सुनेला म्हणाली, चल, मांजर आणू.

दार उघडलं ते एदुआर्दने, तीखोनच्या जावयाने, बनियनवर. मागे तीखोनची मुलगी इनेसा, केसांत रिळं गुंडाळलेली. म्हातारी त्याच्या काखेखालून आत शिरली. चौथी भिंत आता झाली होती. तिच्याशी काचेचं मोठं कपाट, त्यात क्रिस्टलचे पेले. आणि मोठ्या खोलीच्या बरोबर मध्ये, गालिच्यावर, तिमोफेई पसरला होता, दोन मांजरांएवढा झालेला.

रिम्माने विचारलं, घर तुम्हाला मिळालं का? एदुआर्द गडबडला. नाही नाही, म्हणाला, घर आमचं नाही. सिनेमावाल्यांचं सामान आहे, कागद आहे भिंतीवरचा, आम्ही आपले राखणीला राहतोय.

पेलागेया फोमिनिच्नाने बूट काढले, व्यवस्थित जोडीने ठेवले आणि मांजराशेजारी गालिच्यावर मांडी घालून बसली.

“आई, चला,” रिम्मा म्हणाली.

“कुठे? हा म्हणतोय घर त्याचं नाही. मी म्हणतेय माझं आहे. भांडायला दुसरा माणूसच नाही.”

“आजी, उठा, नाहीतर मिलिशियाच्या पोलिसांना बोलावतो,” एदुआर्द म्हणाला.

“बोलाव की. ते आले की पहिला प्रश्न काय विचारतील? घर कुणाचं? तू काय सांगशील, लेका?”

एदुआर्दने इनेसाकडे बघितलं. इनेसाने केसांतलं एक रीळ काढलं आणि परत लावलं. मिलिशिया काही आली नाही. दुसऱ्या दिवशी वेन्यामिनने आईची खाट घसरगाडीवर बांधून बर्फातून ओढत नेली आणि मांजर पडलं होतं तिथेच, मोठ्या खोलीच्या मधोमध टाकली. गावातल्या लोकांनी त्याला खाट नेताना पाहिलं आणि म्हणाले, बघा, आम्ही म्हणत नव्हतो का?

तास्या आजीबरोबर मांजर बघायला गेली ती तिथेच राहिली. जुन्या खोलीत, पातेल्यांच्या ढिगात, कपाटाच्या पलीकडे नवराबायको दोघंच उरले. खाट करकरली. दोघंही सवयीने थांबले, कान टवकारून. खोकला आला नाही. वेन्यामिनला आधी हसू आलं, मग रिम्माला, आणि दोघं इतकं हसले की कपाटावरून दोन पातेली खाली आली आणि अन्फीसाने भिंतीवर मूठ आपटली. निरोप पोचवायला तास्या नव्हती म्हणून म्हणा, पण तिथून पुढे ते पुन्हा एकमेकांशी थेट बोलायला लागले.

खोकला गेला नव्हता, फक्त त्याचा पत्ता बदलला होता. आता तो चौदा नंबरमध्ये, मोठ्या खोलीच्या मध्यावरून यायचा, आणि तो ऐकायला एदुआर्द आणि इनेसा असायचे. शिवाय म्हातारी रोज कोबीचं सूप उकळायची आणि क्रिस्टलच्या पेल्यात आपले दात ठेवायची. पंधरा दिवसांत इनेसा रडत बापाकडे गेली. रिम्माला वाटलं, आता खरं काय ते तीखोनला सांगावंच लागेल. आता सुटेल.

तीखोनने मात्र ते वेगळ्याच बाजूने सोडवलं. तो स्वतः चालत कारखान्यात रिम्माच्या टेबलापाशी आला, पातेल्यावरचं फूल वाकून बघितलं, कौतुक केलं, आणि ‘तुम्ही’ म्हणूनच बोलायला लागला. म्हणाला, तुमच्या सासूबाईंची नोंद आम्ही चौदा नंबरवर करून दिली, एकदम कायदेशीर. म्हातारं माणूस अधांतरी राहू नये. रिम्माने आभार मानले. मग तो पुढचं बोलला. सासूबाई गेल्या, म्हणजे तुमच्या खोलीत एक माणूस कमी झालं. माणशी जागा किती असावी याचा नियम आहे. आता तुम्हाला माणशी पुरेशी जागा आहे. थोडी जास्तच. म्हणजे तुमची गरज संपली. रांगेत नाव लावायचं म्हटलं तरी लावता येणार नाही. अभिनंदन.

“आणि तुमचा जावई?” रिम्माने विचारलं.

तीखोनने सुस्कारा टाकला. बिचाऱ्यांचे फार हाल आहेत, म्हणाला. एक परकी म्हातारी आणि एक मांजर घरात. तरुण जोडप्याला एकांत नाही. त्यांचं नाव आम्ही रांगेत सगळ्यांच्या आधी लावलंय.

हसू नका, कॉम्रेड. हे तुमच्याच नियमाने झालं, एकही नियम मोडला नाही. वसंतात एदुआर्द आणि इनेसा चौकातल्या नव्या इमारतीत गेले, बाल्कनीवाल्या घरात. त्यांच्या रिकाम्या खोलीत रेल्वेतल्या माणसाचं बिऱ्हाड आलं, आणि न्हाणीघरात म्हातारीने आपला वेगळा दिवा लावून घेतला. चौदा नंबरचंही सामाईक घर झालं.

त्याच सुमाराला सिनेमा तयार झाला. कारखान्याच्या क्लबमध्ये पहिला खेळ ठेवला. पहिल्या रांगेत दिग्दर्शक, तीखोन, आणि तुमचा माणूस, कॉम्रेड, राखाडी सुटातला, तुमच्या वतीने आलेला. मागे सगळा गाव. रिम्मा आणि वेन्यामिन खांबाआडच्या खुर्च्यांवर. पडद्यावर रिम्माचं तोंड आलं, दाराएवढं मोठं. मांजर शेपटी उभारून आत गेलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग ती हनुवटीवाल्याच्या खांद्यावरून बघत रडली, जिन्यातल्या नायिकेने बादली खाली ठेवली, आणि क्लबभर नाकं शिंकरायला लागली. अन्फीसाने तर हुंदका दिला.

वेन्यामिन रडला नाही. तो पुढे वाकून बघत होता. पडद्यावरची रिम्मा कुठे बघतेय, त्या जागी कोण उभं होतं, हे क्लबमध्ये त्या दोघांनाच माहीत होतं. त्याने अंधारात तिचा हात धरला. तिच्या मुठीत काहीतरी गार, धातूचं होतं.

दिवे लागल्यावर राखाडी सुटातला माणूस मंचावर गेला. म्हणाला, कलेचा आणि जीवनाचा असा मिलाप विरळा. कुणाला कलाकारांना काही विचारायचं असेल तर जरूर विचारा. अशा वेळी कुणी विचारत नसतं. रिम्मा उठली.

“सिनेमातल्या त्या बाईला घर मिळालं का?”

“मिळालं की,” तो हसून म्हणाला. “आत्ताच सगळ्यांनी पाहिलं.”

“मग ती राहते कुठे?”

राखाडी सुटाने तीखोनकडे बघितलं, तीखोनने दिग्दर्शकाकडे, आणि दिग्दर्शक मफलर सारखा करत म्हणाला की चांगली कलाकृती काही प्रश्न प्रेक्षकांवर सोपवते. तीखोनने बँडला खूण केली. बँड सुरू व्हायच्या आत राखाडी सुटातला माणूस एवढंच बोलला, “वर विचारून कळवतो.”

त्याला आता बरीच वर्षं झाली. सिनेमा दर सणाला टीव्हीवर लागतो. दर सणाला रिम्माला घर मिळतं, देश डोळे पुसतो, आणि दुसऱ्या दिवशी ती व्यापाऱ्याच्या घरातल्या त्याच खोलीतून कामावर जाते. तिमोफेई चौदा नंबरमध्येच म्हातारा होऊन मेला. त्या इमारतीत आपलं घर आधी ठरवून, मग त्यात सुखाने राहिलेला तेवढाच एक. ती पितळी किल्ली रिम्माने पातेल्यांच्या वर खिळ्याला टांगली आहे, आणि दर रविवारी ती पुसून ठेवते.

मी लेखक नाही, मला गोल बोलता येत नाही. तुमच्या माणसाने सगळ्या गावासमोर शब्द दिला होता. किल्ली रिम्माकडे आहे, कॉम्रेड. कुलूप कुठे आहे ते सांगा.